टाळ्या आणि शेजार

१२ मार्च १९७२ या दिवशी बॉस्टन गार्डनमध्ये सेल्टिक्स संघाचा सामना होता. सामन्याआधी एक छोटासा समारंभ उरकण्यात आला. बिल रसेलचा ६ नंबर कायमचा निवृत्त करून छताला चढवायचा होता. अमेरिकेत खेळाडूला त्याच्या संघाकडून मिळणारा याहून मोठा मान नाही. रसेलने तेरा वर्षांत या संघाला अकरा अजिंक्यपदे मिळवून दिली होती, म्हणजे मानही रास्तच होता. पण हा समारंभ झाला तेव्हा प्रेक्षकांसाठी दरवाजे उघडलेलेच नव्हते. काही जुने सहकारी, काही जवळचे मित्र आणि हजारो रिकाम्या खुर्च्या, एवढ्यांच्या साक्षीने तो नंबर वर गेला. तशी रसेलचीच अट होती. पुढे १९७५ साली स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, तर हा गृहस्थ तिकडे फिरकलासुद्धा नाही.

आपण मानपान मानणारी माणसे. लग्नात कुणी आहेर परत केला तर त्याची चर्चा पुढच्या दोन पिढ्यांना पुरते. देणाऱ्याने मान द्यावा आणि घेणाऱ्याने तो नम्रपणे हात जोडून घ्यावा, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. त्यामुळे ही हकिगत पहिल्यांदा कानावर आली की आपल्या तोंडून सहज निघून जाते, "काय हा शिष्टपणा!" त्या काळच्या बॉस्टनमध्येही पुष्कळ लोक तेच म्हणत होते.

मला या लेखात याच शिष्टपणाचा विचार करायचा आहे. ज्या समाजाने तुमच्या कर्तबगारीला टाळ्या दिल्या, पण तुम्हाला शेजारी म्हणून राहू द्यायला खळखळ केली, त्या समाजाने देऊ केलेला मान नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे का? आणि अधिकार असला, तरी तो बजावावा का? हे दोन प्रश्न दिसायला जुळे वाटले तरी वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याने मला बरेच दिवस छळले आहे.

आपल्या मुलांना बिल रसेल हे नाव बहुधा एका ट्रॉफीमुळे माहीत असते. एनबीएच्या अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार मिळतो, त्याला २००९ पासून रसेलचे नाव आहे. आईवडिलांपैकी ज्यांचे क्रिकेटप्रेम इथे येऊनही उतरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो.

रसेलचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ चा, लुइझियाना राज्यातल्या मनरो गावचा. दक्षिणेतले ते गाव आणि तो काळ. वडील चार्ल्स एकदा पेट्रोल भरायला थांबले असता गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटपेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवले गेले. ते निघून जायला लागले तर पंपवाल्याने त्यांच्यावर बंदूक रोखली. आई केटी एकदा छान शिवलेला पोशाख घालून बाजारात गेली, तर पोलिसाने तिला हटकले, हे कपडे गोऱ्या बायकांचे आहेत, घरी जाऊन बदल म्हणून. आई रडत घरी आली. मुलाने हे पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदरांवर कामे मिळू लागली तेव्हा हे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. म्हणजे एका अर्थाने तेही स्थलांतरितच, फक्त व्हिसा लागला नाही एवढेच! १९४६ साली आई गेली. बिल तेव्हा बारा वर्षांचा होता. मुलांनी शिकावे असा तिचा ध्यास होता. आईवेगळा पोरगा ओकलंडच्या सार्वजनिक वाचनालयात तासन् तास बसू लागला.

शाळेत तो चांगला खेळाडू नव्हता. मॅक्लायमंड्स हायस्कूलच्या कनिष्ठ संघात पंधरा जर्सी होत्या आणि हा सोळावा. जॉर्ज पाउल्स नावाच्या प्रशिक्षकाने तरीही त्याला काढले नाही. पंधरावी जर्सी दोन मुलांनी आळीपाळीने घालायची, असा तोडगा निघाला. ज्याची जर्सी पुढे छताला टांगली गेली, त्याच्या वाट्याला सुरुवातीला अर्धीच जर्सी आली होती. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोने शिष्यवृत्ती दिली, तिथे १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले, मग मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक, आणि १९५६ च्या डिसेंबरात स्वारी बॉस्टनला दाखल झाली.

त्याच्या खेळाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण पुढच्या वागण्याची मुळे मला तिथेही दिसतात. त्या काळी प्रशिक्षक शिकवत असत की बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून सोडू नयेत. रसेल उंच उडी मारून समोरच्याचा फेकलेला चेंडू हवेतच अडवायचा. आता चेंडू अडवला की तो जोरात प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा मोह कुणालाही होतो. लोकांना ते फार आवडते. पण चेंडू मैदानाबाहेर गेला की पुन्हा प्रतिपक्षाच्याच हातात जातो. रसेल तो हलकेच टिपून आपल्या सहकाऱ्याकडे वळवायचा आणि तिथूनच सेल्टिक्सची धाव सुरू व्हायची. टाळ्या कमी, फायदा जास्त. गंमत अशी की एनबीएमध्ये अडवलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणी १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली आणि रसेल १९६९ सालीच निवृत्त झाला होता. ज्या कौशल्याने त्याने हा खेळ बदलला, त्याचा अधिकृत आकडाच नाही. रिबाउंडचा आहे : एकूण २१,६२०, सामन्यामागे सरासरी २२.५. गुणांची सरासरी मात्र १५ च्या आसपास. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी आणि मित्र विल्ट चेंबरलेन गुणांचे डोंगर रचत असे. त्याच्या वाट्याला दोन अजिंक्यपदे आली. रसेलची १९५७ चे एक, १९५९ ते १९६६ सलग आठ, आणि १९६८ व १९६९ ही शेवटची दोन तर तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही.

दुसरी गोष्ट १९५८ ची. त्या वर्षी लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून रसेलची निवड झाली. ही निवड तेव्हा खेळाडू स्वतः मते देऊन करत. त्याच वर्षी पत्रकारांनी वर्षाचे पाच सर्वोत्तम खेळाडू निवडले, त्यात रसेल नव्हता! त्याला दुसऱ्या पाचांत टाकले होते. जो सगळ्या लीगमध्ये मोलाचा, तो पहिल्या पाचांत नाही, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. पण जवळून पाहणाऱ्यांचे मत आणि लांबून पाहणाऱ्यांचे मत यांतला फरक रसेलला तेव्हाच कळला असणार.

आता बॉस्टनबद्दल. सेल्टिक्स हा संघ, निदान मालक आणि प्रशिक्षक यांच्या बाबतीत, काळाच्या पुढे होता. मालक वॉल्टर ब्राउन यांनी १९५० साली चक कूपर याला घेतले. एनबीएच्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६४ च्या डिसेंबरात पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामन्याची सुरुवात करणारा पहिला एनबीए संघ हाच. आणि १९६६ साली रेड ऑरबाख यांनी प्रशिक्षकपद सोडताना ते रसेलच्या हाती दिले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होण्याची आधुनिक काळातली ती पहिलीच वेळ. हे सगळे गार्डनच्या आत. बाहेर मात्र शहर वेगळे होते. जगज्जेत्या संघाच्या सामन्यांनाही बऱ्याच खुर्च्या मोकळ्या राहत आणि बर्फावरच्या हॉकीला गर्दी होई. रसेल म्हणत असे की मी सेल्टिक्ससाठी खेळलो, बॉस्टनसाठी नाही.

हे असे का म्हणत असेल ते समजायला रेडिंग गावात जावे लागते. बॉस्टनच्या उत्तरेला, १२८ आणि ९३ हे रस्ते मिळतात त्याला लागून हे गाव आहे. आपल्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी रोज त्या चौफुल्यावर अडकून घड्याळ बघत असतात. रसेल कुटुंब तिथे राहत होते. त्याची मुलगी कॅरन हिने १९८७ साली न्यू यॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात आपल्या बालपणाबद्दल एक लेख लिहिला. तिने जे सांगितले आहे ते थोडक्यात असे. संघ दौऱ्यावर गेला की घराबाहेरचे कचऱ्याचे डबे कुणीतरी उलथेपालथे करून जाई. रसेल पोलिसांत गेला. पोलिस म्हणाले, रकून असतील. यावर त्याने बंदुकीचा परवाना कुठे मिळतो, अशी चौकशी केली. त्यानंतर रकून आले नाहीत! इथवर हसू येते. पण पुढे ऐका. गावाने रसेलच्या सन्मानार्थ एक दिवस साजरा केला, मेजवानी दिली. तो इतका भारावला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. उरलेले आयुष्य याच गावात काढावेसे वाटते, असे तो बोलून गेला. नंतर त्याने त्याच गावाच्या दुसऱ्या, जरा बऱ्या भागात घर घ्यायचे ठरवले, तर तिथल्या लोकांनी त्याला घर विकू नये म्हणून सह्यांचे पत्रक फिरवले. तेही साधले नाही, तेव्हा काही शेजाऱ्यांनी मिळून ते घर आपणच घ्यायची खटपट केली. आणि एकदा सुटीवरून कुटुंब परत आले तर घर फोडलेले, भिंतींवर रंगाने शिवी लिहिलेली, ट्रॉफ्यांचे कपाट फोडून बहुतेक ट्रॉफ्यांचे तुकडे केलेले. पोलिस येऊन गेले. रात्री आईवडिलांनी अंथरूण उघडले, तर बिछान्यात घाण करून ठेवली होती.

मेजवानीचे गाव आणि सह्यांचे गाव एकच आहे, ही यातली खरी मेख. घर फोडणारे गुंड होते असे म्हणून आपण ते प्रकरण बाजूला ठेवू शकतो. गुंड सगळीकडे असतात. पण सह्या करणारे गुंड नव्हते. ती सभ्य, नोकरीधंदा करणारी, मुलांना वेळेवर शाळेत पोचवणारी माणसे होती. त्यांतली काही जण त्या मेजवानीलाही गेली असतील, मनापासून उभे राहून टाळ्या वाजवल्या असतील. त्यांना यात विसंगती दिसली नसेल. खेळाडू म्हणून रसेल उत्तम, आमच्या गल्लीत मात्र नको. टाळी वाजवायला काही पडत नाही. हात काही वेळाने आपल्याच खिशात परत जातात. शेजार मात्र रोजचा असतो. त्यात साखर उसनी द्यावी लागते, मुले एकमेकांच्या घरी राहतात, पुढे कदाचित प्रेमातही पडतात.

हे वाचताना मला आपल्याच एका माणसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाळू पालवणकर, हिंदुस्थानातले पहिले थोर फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्म. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करताना त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला मिळाली आणि ही करामत उघडी झाली. मग पुण्याच्या हिंदू क्लबने साहेबांना हरवण्यासाठी त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते, कारण त्यावाचून इलाज नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. सत्कार झाले, हार पडले. पण हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळले गेले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. त्यानंतरच्या सामन्यात बाळू परत आले, तेही उपकप्तान म्हणून. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. मातीच्या भांड्यातल्या त्या चहाची चव बाळूंना हार घालून घेताना आठवत नसेल, असे मानणे मला जड जाते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी जे केले, तेच रसेलने १९६१ च्या ऑक्टोबरात केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला केले (आपले मॅसॅच्युसेट्सचे लेक्सिंग्टन नव्हे). सेल्टिक्स आणि सेंट लुइस हॉक्स यांचा तिथे प्रदर्शनी सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स या दोघांना खाणे द्यायला नकार मिळाला. रसेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंनी सांगून टाकले, आम्ही खेळत नाही. ऑरबाख यांनी समजावून पाहिले. हॉटेलवाल्यांनीही नमते घेतले होते. हे ऐकले नाहीत आणि विमानाने परत गेले. हॉक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनीही त्यांची साथ केली. संध्याकाळी उरलेल्या गोऱ्या खेळाडूंचा सामना झाला. यात एक अवघड गोष्ट होती. हा सामना तिथे ठेवण्याचे कारण म्हणजे दोन्ही संघांतले फ्रँक रॅमझी आणि क्लिफ हेगन हे दोघे केंटकीच्या विद्यापीठाचे लाडके खेळाडू. त्यांच्या माहेरच्या कौतुकाचा दिवस. रसेलच्या नकाराने स्वतःच्याच सहकाऱ्याच्या आनंदात विरजण पडले. तरीही त्याने ते केले. त्याचे म्हणणे असे होते की आजवर आमच्यासारखे अपमान गिळून खेळले, का तर लोकांनी एकत्र बसून खेळ पाहिला की मने हळूहळू बदलतील; पण मने काही बदलली नाहीत. लोक आमचा खेळ बघतात आणि खाण्याची जागा तशीच राहते.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण स्थलांतरित लोक नेमक्या याच आशेवर जगतो. चांगले काम करा, खाली मान घालून कष्ट करा, मुलांना स्पेलिंग बीला पाठवा, म्हणजे लोक आपोआप आपलेसे करतील. पुष्कळदा करतातही. पण रसेलच्या आयुष्याने ही आशा तपासून घ्यावी लागते. त्याच्याहून चांगले काम कुणी केले होते? अकरा अजिंक्यपदांनीसुद्धा जी सही मिटली नाही, ती बाराव्याने मिटली असती का? गुणवत्ता दाखवून माणुसकीची वागणूक मिळवायची, या सौद्यातच काहीतरी गडबड आहे. कारण मग ज्याच्यात असामान्य गुण नाहीत, त्याचे काय? सोळाव्या नंबरच्या मुलाने कुठे राहायचे?

म्हणून पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे अधिकाराचे, उत्तर मला सरळ दिसते. मान ही देणगी असेल तर ती नाकारता आली पाहिजे. जी नाकारता येत नाही तिला खंडणी म्हणतात. शिवाय सत्काराच्या समारंभात देणाऱ्याचाही फायदा असतो. हार घालणाऱ्या गावाला वाटते, पाहा आम्ही किती मोठ्या मनाचे! त्या १९७२ च्या दिवशी गार्डन खच्चून भरले असते, सगळ्यांनी उभे राहून दहा मिनिटे टाळ्या वाजवल्या असत्या आणि आपले सगळे चुकते झाले असे समजून लोक घरी गेले असते. रसेलने त्यांना ती पावती दिली नाही. ज्यांना तो आपले मानत होता त्या सहकाऱ्यांकडून मात्र त्याने तोच मान आनंदाने घेतला.

दुसरा प्रश्न, हा अधिकार बजावावा का, तो इतका सरळ नाही. गर्दी म्हणजे काही एक माणूस नव्हे. त्या दिवशी दरवाज्याबाहेर एखादा दहा वर्षांचा मुलगा उभा असेल, ज्याने कुठल्याही पत्रकावर सही केली नव्हती, ज्याच्या खोलीत रसेलचे चित्र होते. त्याचा काय दोष? रसेल १९६० च्या दशकापासून स्वाक्षऱ्या देत नसे. मुलांनाही नाही. यावरून त्याला लोकांनी खूप बोल लावला. मला स्वतःला इथे तो थोडा कठोर वाटतो. एका समाजाने तुमच्याकडे माणूस म्हणून न पाहता रंग म्हणून पाहिले, यावर तुमची तक्रार. मग तुम्हीही समोरच्या एकेकट्या माणसाला 'प्रेक्षक' या एकाच पोत्यात भरणार का? अन्यायाला दिलेले उत्तर अन्यायासारखेच दिसू लागले, तर थांबून विचार करायला हवा.

पण इथे एक तपशील विसरून चालत नाही. स्वाक्षरी मागणाऱ्याला तो पुष्कळदा म्हणे, सही देत नाही, पण हात मिळवू, दोन शब्द बोलू. बहुतेकांना ते नको असे. कागद हवा असे. कागद म्हणजे खेळाडूचा तुकडा, घरी नेऊन दाखवायला, पुढेमागे विकायलाही. हात मिळवायचा तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते, आपले नाव सांगावे लागते. हे कळल्यावर माझे मत अर्धे बदलले. अर्धेच म्हणतो, कारण दहा वर्षांच्या मुलाला एवढे तत्त्वज्ञान कळत नाही, आणि मोठ्या माणसाने ते त्याच्यापुरते बाजूला ठेवले असते तर काही बिघडले नसते.

आता हा प्रश्न आपल्या दारात आणतो, कारण तो तिथे आहेच. आपल्यापैकी बहुतेकांना या देशाचे दार १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडले. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्याच लाटेवर आला. वंश किंवा मूळ देश पाहून घर विकायला नकार देता येणार नाही, हा देशभराचा कायदा १९६८ च्या एप्रिलात झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. आपण दलालाला घेऊन ऐटीत घरे बघत फिरतो, त्यामागे रसेलसारख्यांनी खाल्लेले टोणपे आहेत. किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला रसेल हजर होता. त्याच वर्षी मिसिसिपीत मेडगर एव्हर्स यांचा खून झाला; पुढे जिवाला धोका असताना तिथे जाऊन त्याने गोऱ्या-काळ्या मुलांसाठी एकत्र बास्केटबॉलचे शिबिर घेतले. १९६७ साली महंमद अलीने सैन्यात जायला नकार दिला, तेव्हा क्लीव्हलंडला त्याच्या पाठीशी जाऊन बसलेल्यांत तो होता. या सगळ्याचा लाभ रांगेत मागून येऊन आपण घेतला.

आणि आपण स्वतः शेजारी म्हणून कसे आहोत? पॉटलकला घरांचा विषय निघतो तेव्हा पहिला प्रश्न, "एरिया चांगला आहे ना?" या 'चांगला' शब्दात शाळेचे आकडे असतात, आणि बरेच काही न बोललेलेही असते. ते न बोललेले कुणाला म्हणून दाखवायला सांगितले तर टेबलाभोवती एकदम शांतता पसरेल. आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर खेळणारे दहापैकी सात-आठ खेळाडू कृष्णवर्णीय असतात, आपली मुले त्यांच्या नावाच्या जर्सी घालून झोपतात. त्याच मुलाने किंवा मुलीने उद्या तशा एखाद्या मुलीला वा मुलाला घरी आणून "आई, आम्ही लग्न करायचे म्हणतोय" असे सांगितले तर आपल्या घरात कोणते पत्रक फिरेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. तिकडे मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आडनाव, धर्म नाहीतर ताटातले मासे पाहून जागा नाकारतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. नाकारलेल्यांत आपले भाऊबंद असतात आणि नाकारणाऱ्यांतही असतात. रसेलच्या गोष्टीत आपण फक्त रसेलच्याच जागी आहोत असे धरून ही गोष्ट वाचणे फार सोयीचे आहे.

मे १९९९ मध्ये बॉस्टनच्या नव्या सभागृहात रसेलचा नंबर पुन्हा एकदा, या वेळी भरल्या प्रेक्षकांसमोर, वर चढवण्यात आला. त्यासाठी तो तयार झाला तो लहान मुलांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या एका उपक्रमासाठी निधी जमणार होता म्हणून. लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. पासष्ट वर्षांच्या रसेलचे डोळे भरून आले. विल्ट चेंबरलेनही आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला. सत्तावीस वर्षांत रसेल मऊ झाला की शहर बदलले? मला वाटते दोन्ही थोडे थोडे. त्या सभागृहात आलेली निम्मी माणसे १९६३ साली जन्मलीही नसतील. त्यांच्यावर जुना हिशेब लावून धरणे त्याला बरोबर वाटले नसावे. पण आधीचा नकार चुकला होता असे त्यावरून ठरत नाही. पहिला नकार नसता तर दुसऱ्या होकाराला किंमत आली नसती. २०११ साली त्याला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या सिटी हॉलसमोरच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. त्यालाही मुलांच्या उपक्रमाची जोड हवी, असा आग्रह त्याने धरला. पुढे त्या पुतळ्याजवळ दोन मुलांचे पुतळे बसवले गेले. कधी त्या बाजूला गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहा.

हॉल ऑफ फेमची अंगठी मात्र त्याने २०१९ पर्यंत घेतली नव्हती. तिथे जाणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आपण होऊ नये, आपल्या आधी काहींचा हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. २०१९ साली चक कूपरला त्यात स्थान मिळाले. कूपर १९८४ सालीच वारला होता. त्यानंतर नोव्हेंबरात रसेलने पत्नी आणि मोजक्या मित्रांच्या उपस्थितीत ती अंगठी स्वीकारली.

याच कूपरची एक जुनी गोष्ट आहे. १९५२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रालीला सेल्टिक्स खेळायला गेले असता कूपरला हॉटेलात राहू दिले नाही. तो रात्रीच्या गाडीने परत निघाला, तेव्हा बॉब कूझी हा गोरा सहकारी हॉटेल सोडून त्याच्याबरोबर स्टेशनवर गेला आणि त्याच गाडीत बसला. हाच कूझी पुढे रसेलबरोबर सहा अजिंक्यपदे जिंकला. २०१६ साली, नव्वदीच्या जवळ आलेल्या कूझीने रसेलला एक पत्र लिहिले. त्या काळात तू जे सोसत होतास त्यात मी तुझ्यासाठी पुरेसे केले नाही, याची खंत त्यात होती. पत्राचे उत्तर आले नाही. बऱ्याच काळाने एके दिवशी रसेलचा फोन आला.